सवलतीची सनद आणि कोरा संगणक

सन २००९ च्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज ७’ या आपल्या आगामी ऑपरेटिंग सिस्टिमचे जे दरपत्रक अमेरिकेत प्रसिद्ध केले, ते आज पुन्हा चाळले तरी एकाच मालाच्या किमतीत एवढे अंतर कसे पडू शकते, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. घरगुती उपयोगाच्या ‘होम प्रीमियम’ आवृत्तीची पूर्ण प्रत १९९.९९ डॉलरला, तीच आवृत्ती ‘अपग्रेड’ म्हणून, म्हणजे पूर्वीच्या विंडोजवरची सुधारणा म्हणून घेणाऱ्यास ११९.९९ डॉलरला, २६ जून ते ११ जुलै या अल्प मुदतीत आगाऊ मागणी नोंदविणाऱ्यास ४९.९९ डॉलरला, आणि पुढे सप्टेंबरात सुरू झालेल्या विद्यार्थी-सवलतीत, शिक्षणसंस्थेचा ई-मेल पत्ता दाखवू शकणाऱ्यास, अवघ्या २९.९९ डॉलरला. २२ ऑक्टोबर रोजी विंडोज ७ बाजारात आली तेव्हा या चारही दरांचे गिऱ्हाईक आपापल्या संगणकावर जे उतरवून घेत होते, त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता.

फरक होता तो किमतीबरोबर हाती येणाऱ्या परवान्यात. पूर्ण प्रत घेणाऱ्यास ती कोणत्याही एका संगणकावर वापरण्याचा स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण हक्क मिळे. अपग्रेड घेणाऱ्याचा हक्क मात्र त्याच्याकडे आधीच असलेल्या विंडोज एक्सपीच्या किंवा विंडोज व्हिस्टाच्या रीतसर परवान्यावर उभा असे, आणि तो जुना परवाना नसेल तर नव्यालाही आधार उरत नसे. ज्याने तलाठ्याच्या दप्तरात कधी फेरफार नोंदवून घेतला आहे, त्याला हा व्यवहार फोड करून सांगावा लागणार नाही. फेरफाराची नोंद व्हायची तर आधी सातबारा असावा लागतो. ज्या जमिनीचा उताराच नाही, तिच्याबद्दल कोणी कितीही शिक्कामोर्तब केलेला कागद आणला, तरी तलाठी नोंद घेणार कशावर? नव्याने जुळविलेला संगणक हा असा उतारा नसलेला तुकडा असतो, आणि सवलतीच्या अपग्रेडची डीव्हीडी घेऊन त्याच्यासमोर बसलेल्या माणसाची जी अडचण होते, ती मुळात यंत्राची नसून दप्तराची असते. प्रस्तुत प्रकरणात ही अडचण कोठून उत्पन्न झाली, तिच्यातून लोकांनी कोणते मार्ग काढले आणि त्यांपैकी कोणता मार्ग रास्त होता, याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

संगणक स्वतः जुळविणारा माणूस हा या व्यापारातला एक विशेष आदरणीय गिऱ्हाईक आहे, असे माझे मत आहे. तयार संगणक विकत घेणाऱ्यास विंडोज त्या संगणकासोबतच येते. तिची किंमत उत्पादकाने ठोक भावाने भरलेली असते आणि तिचा परवाना त्या यंत्राशी, व्यवहारतः त्याच्या मदरबोर्डशी, कायमचा बांधलेला असतो. स्वतः जुळविणारा मात्र प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून, रॅम, कॅबिनेट आणि एसएमपीएस जेथे स्वस्त व खात्रीचे मिळतील तेथून घेतो. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णतावाहक लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवून वर पंखा बसवितो. आणि सर्व जोडण्या पुन्हा एकवार तपासून मग कळ दाबतो. २००९ च्या शरद ऋतूत अशा हौशी मंडळींच्या दृष्टीने मोठा सुयोग जुळून आला होता, कारण इंटेलचा कोअर आय-५ ७५० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर सप्टेंबरात बाजारात आला, विंडोज ७ त्यापाठोपाठ ऑक्टोबरात आली, आणि विद्यार्थ्याला तीस डॉलरांत ती मिळू लागली. नवा संगणक आणि नवी प्रणाली यांचा मुहूर्त एकदम साधण्याचा मोह हजारोंना झाला असेल तर त्यात अस्वाभाविक काहीच नव्हते.

अपग्रेड घेणाऱ्याजवळ पूर्वीचा परवाना आहे किंवा नाही, याची शहानिशा कोणी आणि कशी करावी, हा प्रश्न काही त्या वर्षी नव्याने उद्भवला नव्हता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रसिद्ध झाली तेव्हाही तिची अपग्रेड आवृत्ती निराळी होती, आणि तेरा फ्लॉपींच्या त्या संचातून स्थापना करीत असताना संगणकावर जुनी विंडोज सापडली नाही, तर जुन्या विंडोजची पहिली फ्लॉपी घालून दाखवा, अशी मागणी सेटअप करीत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीने हाच प्रघात सीडीच्या रूपाने पुढे चालविला: कोऱ्या हार्डडिस्कवर अपग्रेडची सीडी लावली असता ती मध्येच थांबून विंडोज ९८, मिलेनियम, एनटी ४ किंवा २००० यांपैकी एखादी सीडी मागे, ती घातल्यावर क्षणभर चाचपून पाही, आणि समाधान झाले की आपली सीडी परत घालावयास सांगून पुढचे काम निमूटपणे पार पाडी. या पद्धतीत लबाडीला वाव होता हे खरे. मित्राची सीडी घटकाभर उसनी आणून काम भागविणे कोणालाही अशक्य नव्हते. तथापि तिच्यात एक फार मोठा गुण होता, आणि तो असा की, ती पुरावा मालकाला मागत असे. मालकाच्या कपाटात जुनी सीडी आहे, म्हणजे त्याने कधीकाळी पैसे मोजले आहेत, असे ती धरून चाले. संगणक जुना आहे की सकाळीच जुळविलेला आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसे.

३० जानेवारी २००७ रोजी आलेल्या व्हिस्टाने हा प्रघात मोडला. त्यापूर्वी एक्सपीपासूनच ‘अॅक्टिव्हेशन’ची तजवीज सुरू झालेली होती, म्हणजे पंचवीस अक्षरांची उत्पादन-की आणि संगणकाच्या घटकांवरून काढलेला एक आकडा यांची जोडी कंपनीच्या सर्व्हरकडे नोंदविली जाई, आणि तीच की पुन्हा वेगळ्याच यंत्रावर दिसली तर विचारणा होई. आता सीडी मागणे बंद झाले आणि त्याऐवजी अपग्रेडची स्थापना चालू असलेल्या जुन्या विंडोजच्या आतूनच सुरू केली पाहिजे, असा दंडक आला. वरकरणी हा बदल सोयीचा दिसतो, कारण ज्याच्या संगणकावर जुनी विंडोज आहे त्याला काहीच शोधावे लागत नाही. परंतु त्यामुळे पुराव्याची जागा बदलली. मालकाने पूर्वी पैसे मोजले आहेत काय, हा प्रश्न मागे पडून या हार्डडिस्कवर आधी काही होते काय, हा प्रश्न पुढे आला. आणि ज्या प्रामाणिक माणसाने एक्सपीची पूर्ण प्रत रोख पैसे देऊन घेतली होती, पण आता जुना संगणक निकालात काढून नवा जुळविला होता, त्याची नवी कोरी डिस्क या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज दुसरे उत्तर देऊच शकत नव्हती. माझ्या मते हाच या सर्व घोळाचा उगम आहे.

विद्यार्थी-सवलतीत तर याहून अधिक विपर्यास घडला, आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पैसे भरल्यावर विद्यार्थ्याला डीव्हीडी न मिळता डाउनलोडचा दुवा मिळे, आणि त्या दुव्यावरून जे उतरे ती डीव्हीडीची सरळ प्रतिमा नसून एक चालविता येण्याजोगी फाइल आणि तिच्याबरोबरच्या दोन ‘बॉक्स’ फाइली, अशी त्रिमूर्ती असे. ती फाइल एखाद्या चालू विंडोजवर उघडावी, तिने त्या दोन फाइली सोडवून एक फोल्डर तयार करावे आणि तेथूनच सेटअप सुरू व्हावा, अशी योजना होती. ज्याच्या नव्या संगणकावर अद्याप काहीच नव्हते, त्याने ही फाइल उघडावी कोठे? जुन्या संगणकावर उघडू म्हटले, तर तो बहुधा ३२ बिटांच्या एक्सपीचा असे, आणि नव्या यंत्रासाठी मागविलेली विंडोज ६४ बिटांची असे. कारण ३२ बिटांच्या विंडोजला चार गिगाबाइटपलीकडची रॅम उपयोगात आणता येत नाही, किंबहुना चारांतलीही साधारण तीन ते साडेतीनच हाताशी लागते, आणि नवा संगणक जुळविणारा माणूस रॅमच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. परिणामी फाइली सोडविण्याचे काम शेवटपर्यंत जाऊन, ज्या फोल्डरात हा कार्यक्रम उतरविला आहे तेथे नव्या फाइली तयार करता येत नाहीत, अशा अर्थाचा एक निरोप पडद्यावर येई. त्या निरोपाचा फोल्डराशी काडीचाही संबंध नव्हता. खरे कारण एवढेच होते की, ६४ बिटांचा सेटअप ३२ बिटांच्या प्रणालीवर चालत नाही. पण निरोप वाचून विद्यार्थी बिचारे फोल्डरांची नावे, परवानग्या आणि डिस्कवरील जागा तपासत बसत.

यातून वाट अशी निघाली की, अर्धवट सुटलेल्या त्या फोल्डरात विंडोजच्या सर्व फाइली प्रत्यक्षात आलेल्याच असत. मायक्रोसॉफ्टच्याच प्रशासकांसाठीच्या साधनसंचात ‘ओएससीडिमग’ नावाचे एक छोटे साधन होते, त्याच्या साहाय्याने त्या फोल्डराची आरंभक्षम आयएसओ प्रतिमा तयार करून ती डीव्हीडीवर कोरावी, आणि मग नवा संगणक त्या डीव्हीडीवरून सुरू करावा. काळ्या पडद्यावर एक लांबलचक आज्ञा अक्षरन् अक्षर बिनचूक टंकावी लागे, आरंभ-विभागाची फाइल कोणत्या मार्गावर आहे तो पत्ता तीत नेमका द्यावा लागे, आणि मध्ये एखादी मोकळी जागा चुकून जास्त पडली तरी सर्व मुसळ केरात जाई. त्याच सुमारास कंपनीने आयएसओ प्रतिमेवरून पेनड्राइव्ह तयार करण्याचे एक अधिकृत साधनही दिले, पण त्यात मुक्त परवान्याचा दुसऱ्या कोणाचा संकेत वापरला गेल्याचे उघडकीस येऊन नोव्हेंबर २००९ मध्ये ते मागे घेणे कंपनीला भाग पडले, आणि डिसेंबरात त्या मुक्त परवान्याच्या अटी पाळून ते पुन्हा प्रसिद्ध झाले. परवान्याच्या अटी गिऱ्हाइकाला बांधतात तशाच त्या देणाऱ्यालाही बांधतात, हे यानिमित्ताने सर्वांसमोर आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता दुसरा, रीतसर समजला जाणारा मार्ग पाहू. नव्या संगणकावर आधी आपली जुनी, विकत घेतलेली एक्सपी टाकावी, आणि मग तिच्या आतून विंडोज ७ चा सेटअप सुरू करावा, असा सल्ला जाणकार देत. आणि परवान्याच्या शब्दाला धरून पाहिले तर तो निर्दोष होता. एक्सपीवरून थेट श्रेणीवाढ होत नसे. ‘कस्टम’ हा पर्याय निवडून नवी विंडोज स्वतंत्रपणे बसवावी लागे, आणि डिस्क पुसून टाकली नाही तर जुनीचा सारा संसार ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात गुंडाळून ठेवला जाई. येथेही ३२ बिटांच्या एक्सपीतून ६४ बिटांचा सेटअप सुरू होत नसल्याने डीव्हीडीवरूनच आरंभ करावा लागे; पण निदान डिस्कवर जुनी विंडोज हजर असे.

परंतु एक्सपी २००१ ची आणि मदरबोर्ड २००९ चा, यामधील आठ वर्षांचे अंतर कागदावर दिसत नसले तरी पडद्यावर तत्काळ दिसे. नव्या बोर्डावर हार्डडिस्कशी बोलण्याची ‘एएचसीआय’ ही रीत निवडलेली असली, तर एक्सपीच्या सीडीला ती रीत ठाऊकच नसे. निळ्या पडद्यावर तळाशी, काही सेकंदच, एक ओळ उमटे: तिऱ्हाईत उत्पादकाचा ड्रायव्हर द्यावयाचा असल्यास एफ-६ दाबा. ती ओळ नजरेतून निसटली तर थोड्या वेळाने, तुमच्या संगणकात हार्डडिस्कच आढळत नाही, असा निर्वाळा मिळे. आणि ती वेळेवर दिसून एफ-६ दाबलेच, तर ड्रायव्हर मागितला जाई तो फ्लॉपीवरून, जी बसविण्याची खाच त्या नव्या कॅबिनेटात बहुधा कोणी ठेवलेलीच नसे. यावर सोपा तोडगा म्हणजे बायॉसमध्ये जाऊन डिस्कची रीत जुन्या ‘आयडीई’वर आणावयाची. त्याने एक्सपी बिनतक्रार बसे, पुढे विंडोज ७ ही बसे, आणि नंतर डिस्कचा पूर्ण वेग मिळावा म्हणून कोणी बायॉसमध्ये पुन्हा एएचसीआय निवडले, की विंडोज ७ सुरू होता होताच निळा पडदा दाखवून थांबे. कारण आयडीई रीतीने बसलेल्या विंडोजने एएचसीआयचा ड्रायव्हर निद्रिस्त ठेवलेला असे. रजिस्ट्रीमध्ये ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीखालचा ‘स्टार्ट’चा आकडा ३ चा शून्य करून, मग संगणक बंद करून, त्यानंतरच बायॉसमधील रीत बदलावयाची, हा क्रम ज्याने पाळला त्याचे काम सुरळीत होई. केवळ वीस मिनिटांनी पुसून टाकावयाच्या एक्सपीसाठी एवढा खटाटोप एका सज्जन गिऱ्हाइकाने करावा, ही अपेक्षा मला त्या वेळीही अवाजवी वाटली आणि आजही वाटते.

साहजिकच बहुतेकांनी तिसरा मार्ग धरला. विंडोज ७ ची स्थापना करताना उत्पादन-कीची चौकट रिकामी ठेवूनही पुढे जाता येई, आणि तशी बसविलेली विंडोज तीस दिवसांपर्यंत पूर्ण कार्यक्षम राही. कोऱ्या डिस्कवर ती अशी बसवावी, आणि मग की टंकून अॅक्टिव्हेशनचा अर्ज करावा, तर ‘सी००४एफ०६१’ या शेपटाची एक त्रुटी येई. तिचा आशय असा की, ही की केवळ श्रेणीवाढीसाठी आहे, कोऱ्या स्थापनेसाठी नाही. तेव्हा त्या की नसलेल्या विंडोज ७ च्या आतूनच त्याच डीव्हीडीचा सेटअप पुन्हा चालवावयाचा, या खेपेस ‘अपग्रेड’ हा पर्याय निवडावयाचा, आणि विंडोज ७ वरून विंडोज ७ वरच श्रेणीवाढ करून घ्यावयाची. सेटअपला डिस्कवर आधीची विंडोज हवी होती. ती आता तिथे होती, आणि ती स्वतःचीच प्रत आहे याची चौकशी करण्याची त्याला आज्ञा नव्हती. व्हिस्टाच्या काळापासून माहीत असलेली ही दुहेरी स्थापना तासाभराचा वेळ खाई, म्हणून लवकरच तिचे एक आखूड रूप प्रचारात आले: रजिस्ट्रीमध्ये ‘मीडियाबूटइन्स्टॉल’ नावाची एक नोंद असे, आणि स्थापना डीव्हीडीवरून सुरू झाली असल्यास तिचे मूल्य १ असे, ते शून्य करून, प्रशासकाच्या अधिकाराने ‘एसएलएमजीआर’ या विंडोजच्या परवाना-साधनाला ‘रीआर्म’ची आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू केला, की तीच की विनातक्रार स्वीकारली जाई.

या युक्त्यांचा बोभाटा झाल्यावर त्या चौर्य आहेत की नाहीत, असा वाद माजला, आणि दोन्ही बाजूंनी पुष्कळ अविचारी विधाने झाली. कंपनीच्या बाजूने तेव्हा खुलासा करण्यात आला की, तांत्रिकदृष्ट्या एखादी गोष्ट जमते एवढ्यानेच ती परवान्यात बसत नाही. आणि हे विधान पूर्णतः सत्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच सत्य आहे: तांत्रिकदृष्ट्या एखादी गोष्ट अडते, एवढ्याने ती परवान्याबाहेर जात नाही. ज्याच्याजवळ एक्सपीची दुकानातून घेतलेली पूर्ण प्रत आहे, जुन्या संगणकावरून ज्याने ती काढून टाकली आहे, आणि त्या प्रतीच्या आधारावर जो अपग्रेड नव्या यंत्रावर बसवितो आहे, त्याने रजिस्ट्रीतील एक आकडा बदलला म्हणून त्याच्या हक्काला बाध येत नाही. याउलट ज्याची एक्सपी तयार संगणकासोबत आली होती, तिचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्यामुळे तो नव्या मदरबोर्डावर आणता येत नाही. आणि जुने कॅबिनेट, जुना एसएमपीएस किंवा जुनी हार्डडिस्क सोबत आणल्यानेही तो येत नाही. त्याची की अॅक्टिव्हेट झाली तरी त्याचा हक्क सिद्ध होत नाही. आणखी एक अट पुष्कळांच्या ध्यानात येत नसे, ती अशी की, अपग्रेड जिच्यावर आधारले ती जुनी एक्सपी त्याच अपग्रेडमध्ये विलीन होते; तिच्यावर जुना संगणक धाकट्या भावासाठी चालू ठेवण्याचा अधिकार मग उरत नाही. सेटअप यांपैकी कशाचीच चौकशी करीत नव्हता आणि करूही शकत नव्हता.

ज्याला कोणतीही कुरापत करावयाची नसेल त्याच्यासाठी टेलिफोनचा मार्ग खुला होता, आणि तो मला सर्वांत सरळ वाटतो. आज्ञेच्या चौकटीत ‘एसएलयूआय ४’ असे टंकले की देशाची निवड विचारली जाई, त्यानंतर त्या देशाचा दूरध्वनी क्रमांक आणि नऊ गटांत मांडलेले चोपन्न आकडे पडद्यावर येत. पलीकडचा यांत्रिक आवाज एकेक गट मागे. सहा आकडे सांगावे, तो पुढचा गट मागे. यंत्राचे समाधान झाले नाही, तर एखादा कर्मचारी बोलू लागे आणि विचारी की, ही प्रत किती संगणकांवर बसविली आहे? खरे उत्तर ‘एकावर’ असे असले, आणि जुनी प्रत आपल्यापाशी असून जुने यंत्र मोडीत काढले आहे, असे सांगितले, तर तो आठ गटांतले अठ्ठेचाळीस आकडे सावकाश वाचून दाखवी. ते ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंतच्या चौकटींत भरले की विंडोज अॅक्टिव्हेट होई. जो प्रश्न सेटअपने डिस्कला विचारला होता, तो येथे अखेर मालकाला विचारला जाई.

भारतात अशी सवलत मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती विंडोज ८ च्या वेळी. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती प्रणाली प्रसिद्ध झाली, आणि ३१ जानेवारी २०१३ पर्यंत एक्सपी, व्हिस्टा किंवा ७ चा परवाना असलेल्या कोणासही विंडोज ८ प्रोचे अपग्रेड अमेरिकेत ३९.९९ डॉलरला, तर भारतात १,९९९ रुपयांना डाउनलोड करून मिळे; आणि ज्याने जून २०१२ पासून विंडोज ७ सह तयार संगणक घेतला होता त्याला तर ते ६९९ रुपयांनाच पडे. आपल्याकडे संगणक जुळवून घेण्याची प्रथा फार मोठी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, तेथून सुटे भाग आणून संगणक ‘असेंबल’ करून घेणाऱ्या कुटुंबांना आणि लहान कचेऱ्यांना दोन हजार रुपयांत प्रो आवृत्ती मिळणे ही अपूर्वाई होती. पण अशा असंख्य यंत्रांवरची आधीची विंडोज दुकानदाराने जाता जाता ‘टाकून दिलेली’ असे, तिची ना पावती ना की. आणि अशा विंडोजवर चढविलेले अपग्रेड पैसे देऊन घेतलेले असूनही परवान्याच्या दृष्टीने निराधारच राही. सेटअप ते स्वीकारी, म्हणून मालकाची समजूत अशी होई की, आता आपले सर्व काही कायदेशीर झाले. या गैरसमजुतीबद्दल मी त्या मालकाला फारसा दोष देणार नाही. जाहिरातीतील किमतीचा आकडा मोठ्या अक्षरांत होता आणि अट लहान अक्षरांत.

विंडोज ८ च्या अपग्रेडमध्ये कोऱ्या डिस्कची अडचण पूर्वीसारखीच होती, त्रुटीचा क्रमांकही तोच होता. मात्र तीस दिवसांची ती उदार मुदत आता नव्हती, आणि स्थापनेच्या वेळीच की द्यावी लागे. सवलतीची मुदत संपल्यावर त्याच अपग्रेडची अमेरिकेतील किंमत ३९.९९ वरून १९९.९९ डॉलरवर गेली. दरम्यान कंपनीने एक चांगली सुधारणा केली, तिचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल: संगणक जुळविणाऱ्या व्यावसायिकांसाठीची जी स्वस्त आवृत्ती असे, ती स्वतःच्या उपयोगासाठी संगणक जुळविणाऱ्यासही घेता येईल, असे विंडोज ८ च्या परवान्यात प्रथमच स्पष्ट शब्दांत नमूद झाले. त्यापूर्वी असे लोक ती आवृत्ती घेत असतच, पण विंडोज ७ च्या अटींचा शब्दशः अर्थ लावला तर ती त्यांनी स्वतःसाठी घ्यावयाची नव्हती.

पुराव्याची जागा पुन्हा बदलली ती २०१५ मध्ये. २९ जुलै २०१५ पासून एक वर्षापर्यंत विंडोज ७ आणि ८.१ च्या धारकांना विंडोज १० विनामूल्य देण्यात आली, आणि प्रारंभी येथेही जुन्या प्रणालीच्या आतूनच श्रेणीवाढ करण्याचा दंडक होता. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुधारित आवृत्तीपासून विंडोज १० च्या कोऱ्या स्थापनेत विंडोज ७ किंवा ८ ची पंचवीस अक्षरांची की थेट टंकता येऊ लागली. स्वतः संगणक जुळविणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय फार समंजस होता. ज्याच्या कपाटात विंडोज ७ ची दुकानातली पूर्ण प्रत होती, त्याने ती की नव्या यंत्रावर टंकावी आणि कामाला लागावे, एवढेच उरले. एकदा अॅक्टिव्हेट झाले की तो हक्क मदरबोर्डाच्या ओळखीसह कंपनीकडे नोंदला जाई. त्यामुळे पुढे तोच बोर्ड ठेवून डिस्क बदलली तर की पुन्हा मागितली जात नसे. पण बोर्ड बदलला तर मात्र नोंद जुळेनाशी होई, म्हणून २०१६ च्या ऑगस्टमधील आवृत्तीपासून हा हक्क मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवण्याची सोय झाली. विनामूल्य श्रेणीवाढीची मुदत जुलै २०१६ मध्ये अधिकृतपणे संपली, तरी जुन्या की स्वीकारल्या जात राहिल्या, आणि हे दार सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

आज जो कोणी नवा संगणक जुळवावयास घेईल, त्याच्या कामाची गोष्ट आता एवढीच आहे की, जुन्या यंत्रावरील विंडोज १० किंवा ११ दुकानातून घेतलेल्या परवान्याची आहे की त्या यंत्रासोबत आलेली आहे, हे त्याने यंत्र मोडण्यापूर्वी तपासावे. ‘एसएलएमजीआर’ला ‘डीएलआय’ची आज्ञा दिली की येणाऱ्या छोट्या चौकटीत ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ हा शब्द स्पष्ट दिसतो. रिटेल असल्यास जुन्या यंत्रावरच, ते चालू असतानाच, आपले खाते जोडून घ्यावे, आणि नवा संगणक सुरू झाल्यावर ‘ट्रबलशूट’मधील ‘या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले आहे’ या पर्यायाने तो हक्क उचलून आणावा. ओईएम असल्यास तो परवाना जुन्या बोर्डाबरोबरच राहतो, आणि नव्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो.